पंखापलीकडून आलेली सुई

या पानावर लोक जे अनुभव लिहितात ते मी दर महिन्याला वाचते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या मागं पैंजण वाजतात... खरं सांगते, मी वाचून हसते. आमच्या घरात नारळ उतरवणं, लिंबू कापणं, अंगारा लावणं कधी झालं नाही. पोरं तापली की घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेली. नवरा गेला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, घराला कुणाची तरी नजर लागली. मी म्हणाले, नजर कसली, छातीत कळा येत होत्या आणि हा माणूस डॉक्टरकडं गेला नाही. माझं डोकं हे असं आहे. तरी लिहायला बसले, कारण माझा मुलगा दिलीप आज जिवंत आहे आणि तो कसा वाचला याचं उत्तर मला देता येत नाही.

माझं नाव कमल. शिक्षण चौथी पास. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी आईच्या पोटात होते, वयाचा अंदाज तुम्हीच बांधा. राहणार छत्रपती संभाजीनगर. हे घडलं तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे, माझ्या तोंडात अजून तेच येतं.

नवऱ्याच्या मागं मी औरंगपुऱ्याच्या एका गल्लीत गादी कारखान्यात कामाला लागले. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, कापसाचा ढीग आणि जैबून आपा. पिंजाऱ्याचं घर. आपाचा नवरा कापूस पिंजायचा, आपा टाके घालायची. मला घरातल्या सुईशिवाय दुसरी सुई माहीत नव्हती. आपानं माझ्या हातात वीतभर लांब सुई दिली आणि म्हणाली, "डर मत गे, ये काटती नहीं. तू घाबरली तरच काटती." लग्नाच्या जाड गाद्या आम्ही उभ्या धरायचो. मी इकडून सुई घालायची, आपानं तिकडून ओढून परत पाठवायची. समोरची बाई दिसायची नाही, फक्त सुई यायची-जायची.

आपाच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे ती डावखुरी होती, त्यामुळं तिची गाठ सगळ्या जगाच्या उलट बसायची. दुसरी म्हणजे तिच्या बोटात कायम पितळेचं अंगुस्तान, सुई ढकलायची टोपी. सुई परत पाठवायच्या आधी ती अंगुस्तान दोनदा आपटायची... टक टक. म्हणजे तुझं बोट बाजूला घे, सुई येतेय. गादीवर आवाज व्हायचा नाही, म्हणून बाजूच्या लाकडी फळीवर वाजवायची. मला एकदाही सुई टोचली नाही, ती त्या टकटकीमुळं.

एका दुपारी दुकानात उंचापुरा, पांढऱ्या मिशांचा माणूस आला. बाहेर टांगलेली लांब सुई त्यानं निरखून पाहिली आणि विचारलं, "बाई, ही आरपार नेऊन परत आणता येते का तुम्हाला?"

आपा म्हणाली, "दिन भर वही करते साब. गादी कितनी मोटी बनाना?"

"गादी नाही. विमानाचा पंख शिवायचाय."

आपानं माझ्याकडं बघितलं. "कमल, साब कू पानी दे पहले. धूप में फिरके आया बेचारा."

तो माणूस पाणी प्यायला, मिशा पुसल्या आणि हसत खाली बसला. ते कॅप्टन इनामदार. आयुष्यभर विमान चालवून निवृत्त झालेले. त्यांना एकच नाद होता. उडायला शिकवायची जुनी, दोघांना बसायची छोटी विमानं कुठं तरी गंजत पडलेली असतात, ती आणायची आणि पुन्हा उडती करायची. अशा विमानाचा पंख पत्र्याचा नसतो हे मला त्या दिवशी कळलं. आत एक लांब लाकडी तुळई असते, तिला ते स्पार म्हणतात. तिच्यावर ओळीनं बरगड्या, म्हणजे रिबा. आणि वरून चक्क कापड. कापडाला डोप नावाचं वासाचं पाणी चोपडलं की ते आवळून हलगीसारखं ताठ होतं. मग प्रत्येक बरगडीशी ते मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचं, इकडून तिकडं आरपार. हे काम येणारा त्यांचा जुना दर्जी वारला होता, आणि मशीनवरचे शिंपी पंखाला हात लावायला तयार नव्हते.

आपा म्हणाली, "मतलब उडती गादी."

कॅप्टन म्हणाले, "हो. फक्त तिचा टाका उसवला तर माणूस मरतो."

आपानं सुई खाली ठेवली. "तो फिर टाका नहीं उसवेगा," म्हणाली. एवढंच. मोलभावसुद्धा नंतर केला.

कॅप्टनची जागा लासूर स्टेशनला होती, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगची शेड. छताच्या कैच्यांना अजून जुना कापूस चिकटलेला. आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं जायचो, संध्याकाळी परत यायचो. पुढं माझा दिलीपही तिथंच लागला. तो मोटारसायकलच्या गॅरेजात होता, कॅप्टननी त्याचे हात बघितले आणि उचलला. कॅप्टन आणि दिलीप सुट्या भागांसाठी कुठं कुठं हिंडायचे! एकदा एका परराज्यातल्या जमीनदाराच्या बैठकीत विमानाच्या नाकावर फिरतो तो लाकडी पंखा भिंतीवर टांगलेला दिसला, सांबरशिंगांच्या मधोमध. मालक सोडेना. शेवटी कॅप्टननी बदल्यात आपल्या घरातलं लंबकाचं घड्याळ दिलं. त्यावरून त्यांच्या बायकोनं बरेच दिवस अबोला धरला होता म्हणे. एका ढाब्यावर विमानाची उंची मोजायचं यंत्र घड्याळ समजून लावलेलं सापडलं. मालक म्हणाला, घ्या घेऊन, कधी बरोबर वेळ दाखवलीच नाही त्यानं.

आपानं आणि मी त्या शेडमध्ये खूप वर्षं काढली. माझ्या पोरांची शिक्षणं, लग्नं, घराचा पत्रा, सगळं त्या सुईवर झालं. मी आपाला कधी उपकार मानते असं म्हटलं नाही, तिनंही अपेक्षा केली नाही. कामाच्या ठिकाणी बायका असं बोलत नाहीत. मी दोरा सैल सोडला की ती पलीकडून हिसका द्यायची आणि ओरडायची, "मुर्दे के माफक क्या पकडी गे, खींच!" हाच आमचा जिव्हाळा.

मग एका उन्हाळ्यात आपाला ताप आला आणि ती गेली.

त्यानंतर जे विमान शेडमध्ये आलं त्याचीच ही गोष्ट. त्याचा उजवा पंख चांगला होता, डावा पार मोडलेला. कॅप्टन तसल्याच पंखाच्या शोधात वर्षभर फिरले. शेवटी लांबच्या एका बंद पडलेल्या क्लबच्या गोदामात एक मिळाला. माझ्याच घरच्या रजया नेऊन, त्यात गुंडाळून, दिलीपनं तो ट्रकमधून आणला. वरचं कापड कुजलेलं होतं ते फाडून टाकलं. आतलं लाकूड मात्र नव्या पाटासारखं चकचकीत. तपासणारे साहेब आले, बॅटरी मारून बघितलं, छोट्या हातोडीनं ठोकून बघितलं, सही करून गेले. कॅप्टन एवढे खूश झाले की त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "पहिल्या उड्डाणाला माझ्या शेजारी दिलीप बसणार."

दिलीप तेव्हा दोन लेकरांचा बाप होता. पण त्या दिवशी त्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला. इतकी वर्षं विमानाचे बोल्ट पुसले, चाकं बसवली, आणि एकदाही वर गेला नव्हता. रोज जेवताना तेच. "आई, वरून देवगिरीचा किल्ला कसा दिसत असंल?" मी म्हणायची, "खालून दिसतो तसाच, बारका." पण बरं वाटायचं मला.

आपाच्या जागी मी माझ्या सुनेला, दिलीपच्या बायकोला, सुनीताला घेतलं होतं. माझी बोटं संधिवातानं वाकडी झालेली, त्यामुळं गाठ मारायची बाजू तिची आणि सुई घालायची बाजू माझी. पोरीचा हात चांगला होता. आपाचं अंगुस्तान आमच्या सुई-दोऱ्याच्या डब्यात होतं, ते मात्र तिला नको वाटायचं. "बोट गुदमरतं आत्याबाई," म्हणायची. त्यामुळं सुई पाठवताना ती तोंडानं सांगायची, "आली!" दिवसभर आली, आली, आली. माझं डोकं उठायचं.

एप्रिल संपत आलेला. शेडचा पत्रा तापून कडकडत होता. पंख पुढच्या धारेवर उभा केलेला, खाली गोणपाटाच्या गाद्या. त्याच्या दोन बाजूंना बुटक्या स्टुलांवर आम्ही दोघी. डोपचे हात देऊन झाले होते, त्यामुळं कापडातून पलीकडचं काही दिसायचं नाही. वरून डोकावायचं तर उभं राहावं लागतं, आणि माझे गुडघे असे की एकदा बसले की काम होईपर्यंत उठणं नाही. कॅप्टन आणि दिलीप मागच्या पडवीत चाकाशी झटत होते. विमान चिकलठाण्याच्या विमानतळावर न्यायचा ट्रक ठरलेला होता, म्हणून घाई.

जेवणानंतर आम्ही पुन्हा बसलो. सुनीताचं "आली, आली" चालू झालं. थोड्या वेळानं ते थांबलं आणि त्याऐवजी आवाज आला... टक टक. मागोमाग सुई.

मला वाटलं, चला, अक्कल आली. मी म्हणाले, "बरं केलंस अंगुस्तान घातलंस ते. आपाचं घेतलंस ना डब्यातलं?"

उत्तर नाही. टक टक. सुई.

मला वाटलं, पोरगी रुसली, सकाळी मी तिच्या वरणाला नावं ठेवली होती. मी आणखी चिडवलं. "वरण पातळ झालं म्हणलं तर एवढा राग? तुझ्या आईनं शिकवलंच नाय तर तू तरी काय करशील!" एरवी आईचा विषय काढला की सुनीता गप्प बसायची नाही. ती बोलली नाही. टक टक, सुई, टक टक, सुई. काम मात्र असं सुरेख चाललं की काय सांगू. माझ्या हाताला रग लागेना. सुई मी जिथं धरायला बोट ठेवीन तिथंच यायची. कितीतरी दिवसांत असं शिवलं नव्हतं. माझ्या मनात आलंसुद्धा की ही पोरगी एका जेवणात एवढी तयार कशी झाली.

पंखाखालून जो तिरपा दांडा विमानाच्या पोटाशी जातो, तो जिथं स्पारला जोडतात तिथं लोखंडी पट्टी असते. त्या बरगडीशी आम्ही आलो. मी सुई घातली. ती परत आली नाही.

"सुनीता, झोपलीस का?"

मी दोरा ओढला. पलीकडून हिसका आला. जोराचा. मी दोरा सैल सोडल्यावर जसा यायचा अगदी तसा. माझा हात कापडावर आपटला. तेव्हा पहिल्यांदा मला शंका आली, कारण सुनीता सासूला हिसका द्यायची नाही.

मग टक टक वाजलं. पण माझ्या हाताशी नाही. खाली, त्या पट्टीच्या शेजारी. तिथं टाका घालायची खूणच नव्हती. पुन्हा वाजलं. पुन्हा. मी बोट बाजूला घेतलं आणि तिथूनच कापड फोडून सुईचं टोक बाहेर आलं. थोडंसंच. मी धरून ओढलं तर निघेना. चिखलात सुई रुतल्यासारखं लागत होतं. जोर लावून ओढली. सुई आली, मागून दोरा आला, आणि दोरा सगळा तपकिरी. मेणाला भुसा चिकटलेला, नाकात ओढायच्या तपकिरीसारखा बारीक. वास घेतला. पावसात गळणाऱ्या घरातल्या लाकडाचा वास.

मी दोरा हातात धरून बघत बसले होते तेवढ्यात माझ्या पाठीमागून, दाराकडून आवाज आला.

"रागवू नका आत्याबाई, मेथी लई ताजी होती. दोन जुड्या घेतल्या."

सुनीता. हातात पिशवी, तोंड उन्हानं लाल.

मी म्हणाले, "तू पलीकडं नाहीस?"

"मी मागच्या दारानं कवाच गेले ना बाजाराला! ह्यांना सांगून गेले, तुम्हाला सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं तुम्ही."

"मग एवढा वेळ शिवतंय कोण?"

"कोण शिवतंय?" तिनं मलाच विचारलं.

स्टूल धरून उठले आणि पंखाला वळसा घालून पलीकडं गेले. तिकडं कुणी नाही. स्टूल रिकामं, त्यावर सुनीताचा रुमाल तसाच घडी केलेला. आपाचं अंगुस्तान डब्यात, डबा बंद, डब्यावर कात्री.

भीती वाटली का असं सगळे विचारतात. नाही वाटली. माझी नजर गाठींवर गेली होती. आधीच्या बरगड्यांवर सुनीताच्या गाठी, नीट, उजव्या अंगाला वळलेल्या. मग एका जागेपासून पुढं सगळ्या गाठी उलट्या. डाव्या अंगाला. घट्ट, एकसारख्या, दोरा मुडपून आत खोचलेला. अशा गाठी बघत मी वर्षं काढली होती.

सुनीतानं हात तोंडावर ठेवला. मी म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला बोलव. साहेबांनापण."

दोघं आले. मी दोरा दाखवला आणि म्हणाले, "हे कापड कापा. आतलं लाकूड सडलंय."

कॅप्टननी दोरा बोटांत चुरला. "जुना कचरा असेल आतला. कमलबाई, हे लाकूड तपासलेलं आहे."

"पुन्हा तपासा."

"कापड कापायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून. कापड, डोप, शिलाई. ट्रक ठरलाय, परवानगीची तारीख ठरलीय. आणि कशावरून?"

खोटं बोलायची सवय नाही, म्हणून घडलं ते सांगितलं. टकटक, हिसका, सगळं. सांगताना माझं मलाच कसंतरी वाटत होतं. कॅप्टन ऐकून घेऊन हळूच म्हणाले, "ऊन फार आहे. तुम्हीच दोन्ही बाजूंनी शिवलं असेल, फिरून फिरून. लक्षात राहिलं नसेल."

"ह्या गुडघ्यांनी? आणि ह्या बोटांनी डाव्या हाताची गाठ?" मी बोटं त्यांच्या तोंडापुढं धरली. "त्या गाठी बघा साहेब. तुम्ही ओळखता त्या."

त्यांनी बघितल्या. एका गाठीवरून बोट फिरवलं. पण दिलीप भडकला. "आई, काय अंगात आल्यासारखं करतीस? उभ्या जन्मात अंगारा लावला नाहीस, आणि आजच बरं आपाचं भूत आलं! मी बसणार म्हणून तुला भ्या वाटतंय, दुसरं काय नाय!"

"व्हय, तू बसणार म्हणूनच."

"मीपण बसणार आहे त्यात, कमलबाई," कॅप्टन म्हणाले.

"मग तर दोन माणसं झाली."

दिलीप पंखापुढं आडवा उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, मी खोटं सांगत नाही. कितीतरी वर्षं ज्याची वाट बघितली ते त्याला समोर दिसत होतं आणि आई एका दोऱ्यासाठी ते फाडायला निघालेली. मलाही ते कळत होतं. माझं चुकलं असतं तर त्यानं मला जन्मभर माफ केलं नसतं आणि माझी रोजीही गेली असती. पण तो दोरा तपकिरी होता. भूत असो नसो, दोरा तर माझ्या हातात होता.

मी कात्री उचलली. "सरक दिलीप. नाहीतर तुझ्या शर्टासकट कापीन."

तो सरकला. पट्टीच्या शेजारी मी कात्री खुपसली आणि सर्रकन खाली ओढली. ताठ डोपचं कापड फाटतं तेव्हा फटाका फुटल्यासारखा आवाज होतो. सुनीता रडायलाच लागली.

आत बॅटरी मारली. लाकूड चकचकीत. दिलीप म्हणाला, "बघ. बघ आता!"

कॅप्टन मात्र वाकून बघत राहिले. "पट्टी काढ," म्हणाले. दिलीपनं धुसफुसत बोल्ट सोडले, लोखंडी पट्टी उचलली. पट्टीखाली पातळ प्लायवूड, त्याचं वरचं अंग छान. कॅप्टननी त्याच्या कडेला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, नुसतं टेकवलं, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर तपकिरी भुसा भुरभुर खाली पडायला लागला. त्या गोदामात कित्येक पावसाळे पाणी गळत असणार आणि पट्टीमागं मुरत असणार. पुढून वॉर्निश, पाठीमागं पोकळी. पट्टी न काढता ठोकलं तर आवाज लोखंडाचाच यायचा.

कॅप्टन जमिनीवर बसले, चांगली पँट घालून, त्या भुशातच. म्हणाले, "दांडा इथं जोडतात. सगळं वजन इथं. वर गेल्यावर पहिल्या वळणाला पंख मिटला असता." तळहात पंखासारखा धरून त्यांनी तो वर दुमडला. दिलीप त्या हाताकडं बघत होता. मग उठून बाहेर गेला आणि बराच वेळ हापशावर तोंड धूत राहिला.

कापलेलं कापड कॅप्टननी त्याच संध्याकाळी जाळायला लावलं. डोपचं कापड भडाभडा पेटतं, शेडमध्ये ठेवणं धोक्याचं. त्या गाठीही गेल्या. लोक म्हणतात, पुरावा ठेवायचा होता. असेल, पण तेव्हा सुचलं नाही.

नवीन स्पारसाठी कॅप्टन पुन्हा दारोदार फिरले, चांगलं लाकूड मिळवलं, पंख पहिल्यापासून बांधला. या वेळी प्रत्येक पट्टी काढून बघितली. कापड चढवून आम्ही शिवायला बसलो तेव्हा मी सुनीताला म्हणाले, "तू आज माझ्या बाजूला ये." ती निमूट आली. पलीकडं कुणी नाही. मी सुई घातली आणि हात मांडीवर ठेवून बसले.

सुई आली नाही. बाहेर गाडी आली, गेली. कापडावर माशी बसली तिचासुद्धा आवाज येत होता, इतकं शांत.

सुनीता हळूच म्हणाली, "आत्याबाई, कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाय. तू तिकडं जा. आणि आली आली म्हण, मला चालतं."

ती पलीकडं गेल्यावर मी पंखाला तोंड लावून, तिला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू, म्हणाले, "आपा, लई उपकार झाले." जन्मात पहिल्यांदा. तेवढ्यात सुनीता ओरडली, "आली!" आणि सुई माझ्या अंगठ्यात घुसली.

विमान उडालं. चिकलठाण्याला आम्ही सगळे कुंपणाशी उभे. ते सुटलं, वर उठलं, दौलताबादच्या बाजूला वळलं, आणि वळताना तो पंख खाली झुकला. माझ्या टाक्यांची ओळ उन्हात चमकताना दिसली असं मला वाटलं. एवढ्या लांबून दिसणार नाही, पण वाटलं. खाली आल्यावर दिलीप उतरला, चार पावलं चालला आणि भडाभडा ओकला. तोंड पुसून म्हणाला, "आई, किल्ला खरंच बारका दिसतो."

आता कारणाचं. मी शहाण्या लोकांना विचारलं. एक डॉक्टर म्हणाले, उन्हात माणसाला भास होतो. मी विचारलं, मग भासानं गाठी बसतात का? एक मौलवीसाहेब म्हणाले, गेलेली माणसं परत येत नसतात, उगाच असलं बोलू नका. आमचे गुरुजी म्हणाले, आपाचा तुमच्यात जीव अडकला होता. तेही मला पटलं नाही. आपाचा जीव तिच्या नातवंडांत होता, माझ्यात कशाला अडकेल? कॅप्टन शेवटपर्यंत म्हणायचे, कमलबाई, मी हिशेब मांडून दमलो, हे त्यात बसत नाही. मीही मानते की नाही ते मला सांगता येणार नाही. नारळ मी अजून उतरवत नाही. एवढं खरं की मी एका बाजूला होते, दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं, आणि सुई येत होती.

कुणाला कारण सापडलं तर या पानावर जरूर लिहा, मी वाचीन. दिलीपला आता ढेरी सुटली आहे, केस पिकलेत, नातू मांडीवर घेऊन बाहेर ओट्यावर बसलाय आणि मघापासून चहासाठी ओरडतोय. सुनीता देवळात गेली आहे, म्हणजे मलाच उठावं लागणार.